मूकपटातील वाणी : लिलियन गिश हिच्या कारकीर्दीचा पुनर्विचार

१

अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासाचे कालखंड पाडताना १९२७ हे वर्ष सीमारेषा म्हणून स्वीकारण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात 'द जॅझ सिंगर' हा ध्वनियुक्त चित्रपट प्रदर्शित झाला, आणि त्यापुढील दोन-तीन वर्षांत मूकपटाचे युग संपुष्टात आले, हे निर्विवाद आहे. परंतु ह्या निर्विवाद घटनेला जोडून आणखी एक विधान केले जाते. मूकपटातील नामवंत नटनटींना बोलता येत नव्हते, त्यांचे आवाज, उच्चार अथवा वाक्यांची फेक पडद्यास मानवली नाही, आणि म्हणून ध्वनीच्या आगमनाबरोबर त्यांची कारकीर्द संपली, असे ते विधान होय. पुढील काळातील चित्रपटांनी आणि आठवणींच्या पुस्तकांनी ह्या विधानाला इतके बळ दिले की ते पुराव्याची अपेक्षा न ठेवता पाठ्यपुस्तकांतही शिरले.

प्रस्तुत लेखात ह्या विधानाची परीक्षा एका अभिनेत्रीच्या कारकीर्दीच्या आधारे करावयाची आहे. लिलियन गिश (१८९३–१९९३) हिची ह्यासाठी निवड करण्याचे कारण असे की, तिचा रंगभूमीवरील प्रवेश १९०२ मध्ये, चित्रपटातील प्रवेश १९१२ मध्ये आणि अखेरचा चित्रपट १९८७ मध्ये झाला. रंगभूमी, मूकपट, बोलपट आणि दूरचित्रवाणी ह्या चारही माध्यमांत तिने कामे केली. त्यामुळे वाणी आणि अभिनय ह्यांच्या संबंधाविषयीची सामान्य विधाने तिच्या बाबतीत कसास लावून पाहता येतात.

आरंभीच एक शाब्दिक खुलासा आवश्यक आहे. 'मूकपट' हा आपला शब्द, तसेच त्याचा इंग्रजी पर्याय, हे दोन्ही शब्द त्या कलेच्या अभावावर बोट ठेवतात. ज्या काळात सर्वच चित्रपट ध्वनिविरहित होते त्या काळात त्यांना वेगळे विशेषण लावण्याची गरज नव्हती. 'बोलपट' अवतरला तेव्हाच आधीच्या पटाला 'मूक' हे विशेषण नित्याचे झाले. नंतरच्या वस्तूमुळे आधीच्या वस्तूला नवे नाव पडावे हा प्रकार भाषेत अपूर्व नाही. परंतु अशा नावामागे एक मूल्यनिर्णय नकळत दडून बसतो. जो मुका, तो बोलण्यास असमर्थ, अशी समजूत त्या नावातच आहे, आणि इतिहासकारांनीही ती पुष्कळदा तपासल्यावाचून स्वीकारली आहे.

२

लिलियन गिश हिचा जन्म १४ ऑक्टोबर १८९३ रोजी ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झाला. पुष्कळ जुन्या संदर्भग्रंथांत हे वर्ष १८९६ असे दिलेले आढळते. अभिनेत्रीचे वय कमी सांगण्याच्या तत्कालीन रीतीचा तो परिणाम मानावयास हरकत नाही. वडील व्यसनाधीन होते व त्यांनी कुटुंबाचा त्याग केला. आई मेरी हिने उपजीविकेसाठी रंगभूमीचा आश्रय घेतला आणि तिच्यामागोमाग लिलियन व तिची धाकटी बहीण डोरोथी ह्या दोघीही फिरत्या नाटक मंडळ्यांत दाखल झाल्या. १९०२ मध्ये ओहायोतील रायझिंगसन ह्या लहानशा गावी 'इन कॉन्व्हिक्ट स्ट्राइप्स' ह्या नाटकात लिलियनने प्रथम रंगभूमीवर पाऊल ठेवले.

ह्या मंडळ्यांचे नाट्य म्हणजे भडक रंगांचे मेलोड्रामा नाट्य होते. दहा, वीस आणि तीस सेंट असे प्रवेशमूल्य असल्यामुळे त्या प्रयोगांना तेच नाव पडले होते. रात्री प्रयोग आणि दिवसा आगगाडीचा प्रवास असा क्रम असे. बालकांवरील अत्याचार रोखणारी जी संस्था एल्ब्रिज गेरी ह्यांच्या नावाने ओळखली जाई, तिच्या कार्यकर्त्यांची नजर चुकवून मुलांना वावरावे लागे. शाळा अशी तिला जवळजवळ लाभलीच नाही. मात्र एक शिक्षण कसोशीने मिळाले, ते उच्चाराचे. मोठ्याने आणि स्पष्ट बोल, नाहीतर तुझ्या जागी दुसरी मुलगी आणतील, अशा अर्थाची तंबी आपल्याला लहानपणी मिळाली होती, असे ती पुढे अनेकदा सांगत असे. ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात अखेरच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणे ही त्या व्यवसायातील पहिली अट होती. जिची कारकीर्द पुढे मूक अभिनयाचा आदर्श म्हणून गणली गेली, तिचे पहिले दशक सर्वस्वी वाणीच्या शिक्षणात गेले होते, ही गोष्ट आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

३

१९१२ च्या उन्हाळ्यात गिश भगिनी न्यूयॉर्कमधील चौदाव्या रस्त्यावर असलेल्या बायोग्राफ कंपनीत आपल्या बालपणीच्या मैत्रिणीला भेटावयास गेल्या. ग्लॅडिस स्मिथ ह्या नावाने त्यांना परिचित असलेली ही मैत्रीण तेव्हा मेरी पिकफर्ड ह्या नावाने काम करू लागली होती. तेथे दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ ह्यांची गाठ पडली, आणि 'ॲन अनसीन एनिमी' ह्या चित्रपटात दोघी बहिणींनी प्रथम काम केले. त्या काळी बायोग्राफ कंपनी नटांची नावे जाहीर करीत नसे. नाव प्रसिद्ध झाले की वेतन वाढवावे लागते, हा त्यामागील व्यापारी हिशेब होता. प्रेक्षक नटीचा चेहरा ओळखत आणि तिला कंपनीच्या नावाने संबोधीत. म्हणजे शब्द तर नाहीतच, पण नावही नाही, अशा अवस्थेत केवळ मुद्रा आणि देहबोली ह्यांच्या बळावर ओळख निर्माण करावी लागे.

ह्या काळातील अभिनयपद्धतीचा अभ्यास रॉबर्टा पिअर्सन ह्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला आहे. बायोग्राफच्या चित्रपटांत दोन संकेतव्यवस्थांचा संघर्ष दिसतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पहिली व्यवस्था रंगभूमीवरून आलेली होती. तिच्यात भय, शोक, क्रोध ह्यांपैकी प्रत्येकाची ठरलेली, एकमेकांपासून अलग करता येईल अशी मुद्रा असे. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ती जणू कोशातील शब्दांची यादी होती. दुसऱ्या व्यवस्थेत अशा सुट्या मुद्रा नसून लहान लहान हालचालींचा सलग ओघ असे, आणि पात्राचे अंतरंग त्या ओघातून व्यक्त होई.

१९१३ मधील 'द मदरिंग हार्ट' हा चित्रपट ह्या संक्रमणाचे उत्तम उदाहरण होय. तान्हे मूल दगावलेली तरुण माता बागेत येते. ती हंबरडा फोडीत नाही, हात आकाशाकडे नेत नाही. काही क्षण ती केवळ चालत राहते, आणि मग एक काठी उचलून फुललेल्या झुडपाला झोडपू लागते. ह्या कृतीला ठराविक कोशात अर्थ नाही. तो अर्थ प्रसंगावरूनच लागतो आणि प्रेक्षकाला तो लावावा लागतो. ही भूमिका केली तेव्हा गिश एकोणीस वर्षांची होती.

त्याच वर्षाच्या आरंभी डेव्हिड बेलास्को ह्यांच्या 'अ गुड लिटल डेव्हिल' ह्या नाटकात तिने ब्रॉडवेवर काम केले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. रंगभूमीने नाकारल्यामुळे ती चित्रपटाकडे वळली, असे म्हणता येत नाही. दोन्ही दारे उघडी असताना तिने एक निवडले.

४

ग्रिफिथ ह्यांच्याबरोबरचा काळ १९२१ मधील 'ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म' ह्या चित्रपटापर्यंत चालला. ह्या नऊ वर्षांतील पद्धतीचे एक वैशिष्ट्य असे की, यंत्र सुरू होण्यापूर्वी दीर्घ तालमी होत. तालमीत आणि चित्रणातही नट संवाद बोलत. पडद्यावर मजकुराच्या पाट्यांतून दिसणारे वाक्य हे त्या बोलण्याचा केवळ अल्पांश असे. मूकपटातील नट मुका नव्हता. त्याचे बोलणे नोंदवले जात नव्हते इतकेच.

'ब्रोकन ब्लॉसम्स' (१९१९) ह्या चित्रपटात बापाच्या छळाने गांजलेल्या लंडनमधील मुलीची भूमिका तिने केली. त्या मुलीला हसता येत नाही. हसण्याची आज्ञा झाली की ती दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलते. अभिनयाविषयीचेच भाष्य ह्या एका हालचालीत आहे. मुद्रा आणि भावना ह्यांच्यातील फारकत येथे मुद्रेनेच दाखवली आहे. बाप कुऱ्हाडीने दार फोडीत असताना अरुंद कोठडीत गरगर फिरणाऱ्या त्या मुलीचा प्रसंग आज शंभर वर्षांनंतरही पाहवत नाही. तिची किंकाळी ऐकू येत नाही, आणि तरीही ती आहे ह्याविषयी कोणाला शंका राहत नाही.

'वे डाउन ईस्ट' (१९२०) ह्या चित्रपटातील हिमखंडावरील प्रसंग सर्वश्रुत आहे. व्हरमाँट राज्यातील व्हाइट रिव्हर जंक्शन येथे प्रत्यक्ष गोठलेल्या नदीवर त्याचे चित्रण झाले. बर्फाच्या तुकड्यावर पडलेल्या नायिकेचा हात आणि केस पाण्यात लोंबावेत ही कल्पना तिची स्वतःची होती. तिच्या त्या हाताला झालेली इजा जन्मभर राहिली. त्याच वर्षी तिने 'रिमॉडेलिंग हर हजबंड' हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. त्यात डोरोथी नायिका होती. तो चित्रपट आज उपलब्ध नाही.

५

ह्या काळाचा विचार करताना 'द बर्थ ऑफ अ नेशन' (१९१५) हा चित्रपट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यात गिशने एल्सी स्टोनमन ही भूमिका केली. अमेरिकेतील यादवी युद्धानंतरच्या काळाचे विकृत चित्रण, कृष्णवर्णीयांविषयीचा उघड द्वेष आणि कु क्लक्स क्लॅन ह्या हिंसक संघटनेचा गौरव ह्या तिन्ही गोष्टी त्या चित्रपटात आहेत. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने त्याच वेळी त्याविरुद्ध चळवळ उभारली होती. म्हणजे हा दोष आपल्या काळाच्या दृष्टीलाच दिसतो असे नव्हे. मृतवत् झालेली क्लॅन संघटना १९१५ च्या अखेरीस जॉर्जिया राज्यात पुन्हा उभी राहिली.

चित्रपटात गिशच्या वाट्याला आलेले कार्य कोणते, हे नीट पाहिले पाहिजे. मिश्रवर्णीय पुढारी तिच्यावर विवाहाची सक्ती करतो आणि क्लॅनचे घोडेस्वार तिच्या सुटकेसाठी धावतात. ही रचना टिकते ती नायिकेच्या नाजुकपणावर. सोनेरी केस, कृश अंग, भयभीत डोळे ह्या चिन्हांचा जो संच तिने आणि ग्रिफिथ ह्यांनी घडवला होता, तोच येथे वर्णद्वेषाच्या युक्तिवादाचा आधार झाला. चिन्ह स्वतः निरागस असले तरी ते ज्या वाक्यात योजले जाते त्या वाक्याचा अर्थ त्याला येऊन चिकटतो. कलावंताच्या कौशल्याची स्तुती करताना ते कौशल्य कशासाठी राबवले गेले, हा प्रश्न म्हणूनच वगळता येत नाही. गिशने आपल्या १९६९ मधील आत्मचरित्रात आणि त्यानंतरही ग्रिफिथ ह्यांचे समर्थनच केले.

ह्या प्रश्नाला अलीकडे सार्वजनिक रूप प्राप्त झाले. ओहायोतील बोलिंग ग्रीन विद्यापीठाने १९७६ मध्ये आपल्या चित्रपटगृहाला गिश भगिनींचे नाव दिले होते. २०१९ मध्ये, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या आक्षेपानंतर, विश्वस्तांनी ते काढून टाकले. एका भूमिकेवरून पाऊणशे वर्षांची कारकीर्द तोलू नये, असे म्हणत अनेक नामवंत कलावंतांनी त्यास विरोध केला. दुसऱ्या बाजूला हेही खरे की, गिशने मृत्युपत्राद्वारे ठेवलेल्या निधीतून १९९४ पासून दिला जाणारा कलापुरस्कार २०१३ मध्ये स्पाइक ली ह्यांना मिळाला. 'द बर्थ ऑफ अ नेशन' ह्याच चित्रपटाला उत्तर म्हणून विद्यार्थिदशेत, १९८० मध्ये, 'द आन्सर' हा लघुपट करणारे ते हेच दिग्दर्शक. इतिहासकाराने ह्या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात. एकीने दुसरी खोडून काढू नये.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ग्रिफिथ ह्यांना सोडल्यावर गिशने हेन्री किंग ह्यांच्या दिग्दर्शनाखाली इटलीत 'द व्हाइट सिस्टर' (१९२३) व 'रोमोला' (१९२४) हे चित्रपट केले, आणि १९२५ मध्ये ती मेट्रो-गोल्डविन-मेयर ह्या बलाढ्य कंपनीत दाखल झाली. कथा आणि दिग्दर्शक निवडण्यात तिचा मोठा वाटा असे. 'ला बोहेम' (१९२६) हा किंग व्हिडॉर ह्यांनी दिग्दर्शित केला. 'द स्कार्लेट लेटर' (१९२६) ह्या कथेला धार्मिक संघटनांचा विरोध होता. तिने स्वतः पत्रव्यवहार करून तो दूर केला, असे तिने नमूद केले आहे. ह्या चित्रपटासाठी स्वीडनहून आलेले दिग्दर्शक व्हिक्टर श्योस्ट्रोम आणि नट लार्स हॅन्सन लाभले. चित्रणाच्या वेळी हॅन्सन स्वीडिश बोलत आणि गिश इंग्रजी, असे सांगितले जाते. दोन भाषांतील हा संवाद पडद्यावर एकसंध वाटतो. मूकपटाच्या आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा ह्याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल.

'द विंड' हा चित्रपट १९२७ मध्ये मोहावीच्या वाळवंटात चित्रित झाला. वारा निर्माण करण्यासाठी विमानांचे पंखे वापरले होते, आणि उष्णता इतकी होती की दाराच्या धातूच्या मुठीने तिचा हात पोळला, असे ती सांगते. वाऱ्याने वेडी होत जाणाऱ्या स्त्रीची ही कथा, म्हणजे मूलतः एका ध्वनीची कथा, मूक माध्यमात सांगितली आहे. वाळूचे कण, फडफडणारे दार आणि गिशचे डोळे ह्यांतून प्रेक्षक तो वारा ऐकतो. मूळ करुण शेवट कंपनीने बदलावयास लावला, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. परंतु नंतरच्या अभ्यासकांना लेखी पुराव्यात तिचा पूर्ण आधार सापडलेला नाही. चित्रपट तयार झाल्यावर बराच काळ अडकून पडला आणि १९२८ च्या नोव्हेंबरात, संगीत व काही ध्वनी जोडून, प्रदर्शित झाला. तोवर प्रेक्षक बोलपटाकडे वळले होते. कंपनीशी असलेला तिचा संबंध येथे संपला.

घटनाक्रम नीट मांडला म्हणजे प्रचलित विधानातील उणीव स्पष्ट होते. कंपनीचे तिच्याविषयीचे मत बदलले ते ध्वनी येण्यापूर्वी. तिच्या प्रतिमेला थोडा कलंक लागला तर प्रेक्षकांचे कुतूहल वाढेल, म्हणून एखादे कृत्रिम प्रकरण रचावे, अशी सूचना कंपनीच्या वरिष्ठांनी केली आणि आपण ती नाकारली, असे आत्मचरित्रात तिने लिहिले आहे. अभिनेत्री लुईझ ब्रुक्स ह्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, स्वतःच्या अटींवर काम करणाऱ्या महागड्या तारकांची सत्ता मोडण्याचा कंपन्यांचा तो डाव होता, आणि गिशच्या जागी ग्रेटा गार्बो हिला पुढे आणणे हा त्याचाच भाग होता. हे प्रतिपादन काहीसे एकांगी असले तरी त्यातील गार्बोचा उल्लेख आपल्याला उपयुक्त आहे. गार्बोची मातृभाषा स्वीडिश होती, तिचे इंग्रजी उच्चार परकीय होते, आणि तरीही १९३० मध्ये 'ॲना क्रिस्टी' ह्या बोलपटाने तिची कीर्ती दुणावली. जिला इंग्रजी शिकावी लागली ती टिकली. जिचा आवाज बालपणापासून रंगभूमीवर तयार झाला होता ती बाहेर पडली. केवळ वाणीच्या आधारे ह्याची उपपत्ती लावता येणार नाही.

ध्वनीचा तिला फटका बसलाच नाही, असे मात्र नव्हे. ऑस्ट्रियन नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट ह्यांच्याबरोबर योजलेला तिचा चित्रपट माध्यमातील ह्या क्रांतीमुळेच बारगळला. 'वन रोमँटिक नाइट' (१९३०) हा तिचा पहिला बोलपट यशस्वी ठरला नाही. परंतु त्याच वर्षी ब्रॉडवेवर चेखॉव्हच्या 'अंकल वान्या' ह्या नाटकात तिने हेलेनाची भूमिका केली आणि तिची प्रशंसा झाली. १९३६ मध्ये जॉन गिलगुड ह्यांच्या 'हॅम्लेट'मध्ये ती ऑफेलिया होती, आणि त्या नाटकाचे १३२ प्रयोग झाले. चेखॉव्ह आणि शेक्सपिअर ह्यांचे शब्द न्यूयॉर्कच्या चोखंदळ प्रेक्षकांपुढे उच्चारणाऱ्या नटीला बोलता येत नव्हते, असे कोण म्हणेल?

७

उत्तरायुष्यात ती चित्रपटाकडे परतली. 'ड्युएल इन द सन' (१९४६) ह्यातील कामासाठी तिला ऑस्कर नामांकन मिळाले. १९५३ मध्ये हॉर्टन फूट ह्यांचे 'द ट्रिप टू बाउंटिफुल' तिने प्रथम दूरचित्रवाणीवर आणि मग ब्रॉडवेवर केले. चार्ल्स लॉटन ह्यांच्या 'द नाइट ऑफ द हंटर' (१९५५) ह्या चित्रपटात अनाथ मुलांना आसरा देणारी, मांडीवर बंदूक घेऊन रात्रभर पहारा करणारी वृद्धा तिने उभी केली. लॉटन ह्यांनी त्यापूर्वी ग्रिफिथ ह्यांचे जुने चित्रपट मुद्दाम पाहिले होते. एके काळी जी रक्षिली जात होती ती येथे रक्षणकर्ती झाली आहे. १९७१ मध्ये तिला सन्माननीय ऑस्कर देण्यात आले. बेटी डेव्हिस हिच्यासह केलेला 'द व्हेल्स ऑफ ऑगस्ट' (१९८७) हा तिचा शेवटचा चित्रपट. २७ फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, न्यूयॉर्क येथे तिचे निधन झाले.

ह्या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, यंत्रात झालेला बदल आणि माणसांच्या कारकीर्दीचा शेवट ह्या दोन घटना एकाच सुमारास घडल्या म्हणून पहिलीला दुसरीचे कारण ठरवणे हा तर्कदोष आहे. गिशच्या बाबतीत करारांचे स्वरूप, निवडीचा अधिकार आणि कंपन्यांची वाढती सत्ता ह्या कारणांचा विचार आधी करावा लागतो. इतर नटनटींच्या बाबतीतही तीच तपासणी व्यक्तिशः झाली पाहिजे. दुसरा निष्कर्ष असा की, ज्याला आपण मूक म्हणतो तो अभिनय अर्थपूर्ण होता, आणि अर्थपूर्ण असल्यामुळेच तो जबाबदारीतून सुटत नाही. 'ब्रोकन ब्लॉसम्स'मधील बोटांनी ओढलेल्या हास्याचे श्रेय जिला द्यावयाचे, तिलाच एल्सी स्टोनमनच्या भयभीत नजरेचाही जाब विचारावा लागतो. मूकपटातील नटाला वाणी होती असे एकदा मान्य केले, की त्या वाणीने काय सांगितले ह्याचा हिशेबही इतिहासाला मांडावा लागतो.